मुखाधान : भद्दालि सुत्तातील लगामाची उपमा

धम्मप्रवचनांतून लगामाची उपमा आली की तिचा अर्थ बहुधा एकाच शब्दात उरकला जातो : दमन. मन हा उधळलेला घोडा, शील हा लगाम. तो आवळला की काम झाले. हे विवेचन आम्हांस अपुरे वाटते. मज्झिम निकायातील ६५ वे, भद्दालि सुत्त त्या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे.

प्रथम वस्तूच पाहू. घोड्याच्या पुढच्या व मागच्या दातांच्या मध्ये हिरडीचा मोकळा भाग असतो. लगामाची लोखंडी सळई तेथे जिभेवरून आडवी बसते. गालांवरचे दोन चामडी पट्टे तिला पेलतात. ते कानांमागच्या पट्ट्याला जोडलेले असतात. कपाळपट्टी तो पट्टा मागे सरकू देत नाही, गळ्याखालची वादी सारा साज डोक्यावरून निसटू देत नाही. गालपट्टे सैल राहिले तर सळई दातांवर आपटते. आखूड झाले तर ओठांचे कोपरे ताणले जातात. गळ्याखाली मूठभर जागा न ठेवल्यास घोड्याला मान वाकवता येत नाही. लगामाचे सामर्थ्य आवळण्यात नसून मापात आहे.

आता सुत्ताकडे वळू. दिवसातून एकदाच भोजन करण्याचा नियम भद्दालि नाकारतो. निमंत्रणाच्या घरी काही खाऊन उरलेले सोबत नेण्याची मुभा भगवंत देतात. तीही तो स्वीकारीत नाही आणि तीन महिने समोर येत नाही. पुढे तो अपराध कबूल करतो, तेव्हा उपदेशाच्या अखेरीस जातिवंत शिंगराची उपमा येते. कुशल अश्वदमक त्यास प्रथम मुखाधानाचा, म्हणजे तोंडात लगाम घेण्याचा, सराव देतो. पूर्वी कधी न केलेले म्हणून शिंगरू धडपडते. वारंवार व क्रमाक्रमाने झालेल्या सरावाने ते निवते. मगच जुवाची पाळी येते. या निवण्यासाठी मूळ पालीत ‘परिनिब्बायति’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘ताब्यात येते’ असा केल्यास उपमेचा निब्बाणाशी असलेला धागाच तुटतो.

अंगुत्तर निकायातील केसी सुत्तात कठोर शिक्षणही सांगितले आहे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु तेथे भगवंतांचे कठोर शिक्षण म्हणजे दुराचरण व त्याची फळे समोर मांडणे होय, मारहाण नव्हे.

भद्दालि सुत्तातच एक डोळा उरलेल्या माणसाचे उदाहरण आहे. तो डोळा जाऊ नये म्हणून आप्त जपतात. तसेच अल्प श्रद्धेवर टिकून असलेल्या भिक्खूची ती श्रद्धा ढळू नये म्हणून संघ जपतो. विहारात नव्याने येणाऱ्या तरुणांना पहिल्याच दिवशी सारे नियम सुनावणाऱ्या उपदेशकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.