‘दत्तक’ शब्दाचे दायित्व : चर्चप्रणीत बालप्रायोजकत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

परदेशातील एखादी ख्रिस्ती मंडळी आफ्रिकेतील एखाद्या गावाशी नाते जोडते. मंडळीतील कुटुंबे त्या गावातील एकेका मुलाच्या नावे दरमहा ठरावीक रक्कम पाठवितात. मोबदल्यात त्यांच्या हाती मुलाचे छायाचित्र, त्याने लिहिलेले पत्र आणि प्रगतीचा अहवाल येतो. गावातील चर्च किंवा त्याच्याशी संलग्न संस्था हा व्यवहार सांभाळते. युगांडा, केनिया, इथिओपिया, झिम्बाब्वे अशा अनेक देशांत ही पद्धती रूढ झालेली आहे.

मराठी अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. आज आफ्रिकी गावाला या व्यवहारात जे स्थान आहे, तेच सव्वाशे वर्षांपूर्वी मध्य प्रांत आणि मुंबई इलाख्यातील दुष्काळग्रस्त गावांना होते. या प्रदेशाने घेणाऱ्याची बाजू अनुभवलेली आहे. म्हणूनच या पद्धतीची चिकित्सा येथील अनुभवाच्या आधारे करणे शक्य आहे आणि अगत्याचेही आहे. या योजनांचा मुलांना लाभ होतो की नाही, एवढाच प्रश्न येथे नाही. लाभ होत असूनही त्या नात्यात मुलाला आणि गावाला कोणता हक्क मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

शब्दाचा प्रश्न

मराठीत अशा योजनांसाठी ‘दत्तक’ हा शब्द सहज वापरला जातो. महाराष्ट्र शासनाने गरीब मुलींची शाळागळती थांबविण्यासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावे चालविलेली योजनाही ‘दत्तक पालक योजना’ म्हणूनच ओळखली जाते. परंतु ‘दत्तक’ हा केवळ मायेचा शब्द नाही. तो हक्काचा शब्द आहे. नागपूरकरांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क अमान्य केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. एका शब्दाच्या मान्यतेवर संपूर्ण राज्याचे भवितव्य अवलंबून होते.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तक मूल सर्व अर्थांनी त्या घरचे होते आणि एकदा वैध रीतीने झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. प्रायोजकाची गोष्ट नेमकी उलट आहे. तो कोणत्याही महिन्यात रक्कम थांबवू शकतो आणि मुलाला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणजे शब्द नात्याचा, परंतु व्यवहार वर्गणीचा, अशी ही रचना आहे.

दानाची दुसरी एक परंपरा येथे तुलनेसाठी घेता येईल. इतवारीसारख्या जुन्या घाऊक पेठांना ‘धर्मादाय’ हा शब्द नवा नाही. मालाच्या किमतीबरोबर ग्राहकाकडून धर्मकार्यासाठी अल्पशी रक्कम घ्यावयाची आणि ती वेगळी मांडावयाची, ही भारतीय व्यापारातील जुनी रीत होय. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. ती घेतली जाते त्याच क्षणी धर्मकार्याशी बांधलेली असते. या रीतीत देणाऱ्याला कोणाचेही छायाचित्र मिळत नाही आणि घेणाऱ्याला आभाराचे पत्र लिहावे लागत नाही. अर्थात, या रीतीतही दोष आहेत. रक्कम कोठे गेली हे ग्राहकाला क्वचितच कळते. प्रायोजकत्वाने ही उणीव भरून काढली. मात्र त्यासाठी मुलाचा चेहरा हाच हिशेबाचा कागद बनविला.

मध्य प्रांताचा दुष्काळ आणि ‘मुक्ती’

पंडिता रमाबाईंचे कार्य या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८८७ मध्ये त्यांचा ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई सर्कल’मधील सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे मान्य केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, ही अट दात्यांनी मान्य केलेली होती. तरीही १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात मोठे वादंग माजले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. दाते बोस्टनमध्ये, समाज पुण्यात आणि दोहोंच्या मध्ये संस्था. अशा वेळी संस्थेने उत्तर कोणाला द्यावयाचे, हा पेच त्या वेळीच पुढे आला होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन परतल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. याच काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने भारतासाठी मोठा मदतनिधी उभा केला आणि वाचकांच्या वर्गणीतून येथील अनाथ मुलांचा मिशन संस्थांमार्फत सांभाळ झाला. युरोप-अमेरिकेतील ज्या संस्थांना आज बालप्रायोजकत्वाचे जनक मानले जाते, त्या त्यानंतरच्या आहेत. सेव्ह द चिल्ड्रेन १९१९ ची, वर्ल्ड व्हिजन १९५० ची आणि कम्पॅशन १९५२ ची. जर्मनीतील किंडरनोटहिल्फे ही संस्था तर १९५९ मध्ये भारतातील मुलांसाठीच स्थापन झाली. या पद्धतीचा एक आरंभबिंदू मराठी मुलखात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘मुक्ती’चे वेगळेपण दोन बाबतींत दिसते. दात्यांना पाठवावयाचे वृत्तांत रमाबाई स्वतः लिहीत; लेखणी घेणाऱ्याच्या हाती होती. शिवाय ‘मुक्ती’तील मुली शेती, विणकाम, छपाई ही कामे शिकत, म्हणजे संस्थेच्या उभारणीत त्यांचे श्रम होते. मात्र याचबरोबर एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलीला धर्म, भाषा आणि गाव यांबाबत निवड करण्याची संधी कितपत होती? जीव वाचविण्याचे ऋण एवढे मोठे असते की, त्यानंतरच्या संमतीला पूर्ण अर्थाने संमती म्हणणे कठीण होते. टीकाकारांचा हेतू कोणताही असो, हा प्रश्न रास्त होता आणि आजही तो रास्त आहे.

चर्चच्या आतूनही या अवलंबित्वाची चिकित्सा झालेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परदेशी पैशावर चालणारा धर्म या भूमीत रुजणार नाही, ही त्यामागची जाणीव होती. मराठी ख्रिस्ती समाजाने हा विचार शंभर वर्षांपूर्वी मांडला, ही गोष्ट आफ्रिकेतील चर्चविषयीच्या आजच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते.

लाभाचे मोजमाप आणि त्यापलीकडे

टीका करताना उपलब्ध पुराव्याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. वायडिक, ग्लेवी आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारत, केनिया, युगांडा, फिलिपिन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया या सहा देशांतील १०,१४४ प्रौढ व्यक्तींची माहिती त्यात होती. कम्पॅशनच्या योजनेत वाढलेल्या मुलांचे शालेय शिक्षण सरासरी १.०३ ते १.४६ वर्षांनी अधिक झाले आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण ११.६ ते १६.५ टक्के बिंदूंनी वाढले, असे त्यात आढळले. ज्या मुलाला एक वर्ष अधिक शाळा मिळाली, त्याच्या दृष्टीने हा लाभ खरा आहे. प्रायोजकत्वाला सरसकट ढोंग ठरविणारी टीका या आकड्यांपुढे टिकत नाही.

परंतु हे मोजमाप मुलाचे आहे, गावाचे नव्हे. एरिका बोर्नस्टीन यांनी झिम्बाब्वेतील वर्ल्ड व्हिजनच्या कार्याचा मानववंशशास्त्रीय अभ्यास केला. दूरच्या प्रायोजकाशी जडलेले नाते मुलाला एका जागतिक कुटुंबात नेते. त्याच वेळी घरात आणि शेजारात नवे अंतर व मत्सर निर्माण करते, असे त्यांनी दाखविले. शेजारच्या झोपडीतील मुलाला भेटवस्तू येते आणि आपल्याला येत नाही, याचे उत्तर गावातील मुलाला कोण देणार? याच कारणामुळे अनेक संस्थांनी रक्कम एका मुलाऐवजी गावातील पाणी, शाळा, आरोग्य यांवर खर्च करण्यास प्रारंभ केला. मात्र त्यातून दुसरी विसंगती निर्माण झाली. पैसा गावाचा झाला, जाहिरात मात्र मुलाचीच राहिली. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने अशा योजनांचा शोध घेतला, तेव्हा मालीतील एका मुलीच्या मृत्यूनंतरही तिच्या नावाने देणगी चालू असल्याचे उघड झाले. नात्याची भाषा आणि हिशेबाची वस्तुस्थिती यांतील दरी किती रुंद होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

ही विषमता संस्थांना जाणवत नाही असे नाही. वर्ल्ड व्हिजनने २०१९ मध्ये निवडीची दिशा बदलली. मूल दात्यांची छायाचित्रे पाहून आपला प्रायोजक निवडते, अशी योजना तिने आणली. मुलाच्या हाती निवड देण्याचा हेतू स्वागतार्ह आहे. तथापि कोणत्या गावात यावयाचे, किती वर्षे राहावयाचे आणि केव्हा निघून जावयाचे, हे निर्णय त्या मुलाच्या वा त्याच्या आईच्या हाती आले नाहीत. छायाचित्र कोणी निवडले, यापेक्षा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

माघारीचा प्रश्न

या नात्याची खरी परीक्षा ते संपते तेव्हा होते. कम्पॅशनने भारतात १९६८ पासून स्थानिक चर्चच्या द्वारे काम केले. २०१६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने तिच्या निधीसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली आणि मार्च २०१७ मध्ये तिचे भारतातील कार्य थांबले. सुमारे दीड लाख मुलांचे साहाय्य बंद झाले. निधीचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, हा शासकीय बाजूचा संशय होता. संस्थेने तो नाकारला. त्यानंतर २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे देण्यास मनाई झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची नोंदणीही रद्द झाली.

या वादात कोणाची बाजू न्याय्य, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एक पक्ष अनुपस्थित होता. शासन सार्वभौमत्वाविषयी बोलले, संस्था सेवेविषयी बोलली. ज्यांचे जेवण, शिकवणी आणि औषध थांबले त्या मुलांना आणि पालकांना कोणीही विचारले नाही. निधी परदेशातून येतो, परवानगी राजधानीतून मिळते आणि परिणाम वस्तीला भोगावे लागतात. आफ्रिकेतील ज्या गावांचे नाते आज सुरळीत चालू आहे, त्यांच्यासमोरही हीच शक्यता उभी आहे. दात्या देशातील मंदी किंवा तेथील मंडळीतील मतभेदही तोच परिणाम घडवू शकतात.

बचत गटाची वाट

या चिकित्सेतून नकाराखेरीज काही हाती लागते काय? आफ्रिकेतीलच एक अनुभव येथे मार्गदर्शक आहे. कर्नाटकातील मायराडा या संस्थेने १९८० च्या दशकात ग्रामीण स्त्रियांचे स्वयंसाहाय्य गट विकसित केले. महाराष्ट्रात ‘बचत गट’ या नावाने ही पद्धती घरोघरी परिचित आहे. २००२ मध्ये इथिओपियातील काले हेवेत चर्चने ब्रिटनच्या टिअरफंडच्या सहकार्याने पाच गटांपासून हीच पद्धती तेथे सुरू केली. किंडरनोटहिल्फेनेही आफ्रिकेतील आपल्या कार्यात भारतातील या अनुभवाचा आधार घेतला. जी संस्था भारतातील मुलांना साहाय्य देण्यासाठी जन्मली, ती भारतीय गावातील स्त्रियांची पद्धती घेऊन आफ्रिकेत गेली, ही घटना लक्षणीय आहे.

या पद्धतीतही चर्च आहे, परदेशी साहाय्य आहे आणि मुलांचे हितही आहे. फरक एवढाच की, बचत स्त्रियांची असते, कर्जाचा निर्णय त्याच घेतात आणि हिशेबाची वही गावात राहते. आईच्या हाती पैसा आला की मुलाची फी भरली जाते. त्यासाठी मुलाला परक्याच्या नावे पत्र लिहावे लागत नाही. परदेशी संस्था निघून गेली तरी गट टिकू शकतो. अर्थात, बचत गटांनाही कर्जबाजारीपणा, राजकीय हस्तक्षेप आणि अतिगरीब स्त्रिया बाहेर राहणे या अडचणी आहेत, हे महाराष्ट्राला ठाऊक आहेच. दुष्काळात, युद्धात किंवा अनाथ मुलांच्या बाबतीत केवळ बचत पुरेशी ठरत नाही. तेथे बाहेरचे साहाय्य अपरिहार्य आहे.

समारोप

चर्चप्रणीत बालप्रायोजकत्वाने अनेक मुलांना शाळा दिली, हे मान्य करूनही त्याच्या नात्याच्या भाषेची तपासणी आवश्यक ठरते. मुलाविषयी लिहिण्याची लेखणी कोणाच्या हाती आहे, हिशेबाची वही कोठे राहते आणि दाता थांबला तर गावाकडे काय उरते, या तीन कसोट्या त्यासाठी उपयुक्त आहेत. ‘मुक्ती’ पहिल्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, बचत गट दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीला उतरतो. छायाचित्रावर आधारलेले प्रायोजकत्व तिन्ही ठिकाणी उणे पडते.

या कसोट्या केवळ परदेशी मंडळींना लावून भागणार नाही. आज महाराष्ट्रातील शहरे, उद्योगसमूह आणि परदेशस्थ मराठी कुटुंबेही आदिवासी पाडे, शाळा आणि विद्यार्थी ‘दत्तक’ घेत आहेत. ज्या प्रदेशाने या शब्दाची घेणाऱ्याची बाजू अनुभवली, त्याने देणाऱ्याच्या बाजूस जाताना त्या शब्दाचे दायित्वही स्वीकारले पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर साहाय्य अवश्य करावे; मात्र त्यास दत्तक म्हणू नये.