उंब्रिशियसचा नगरत्याग : जुव्हेनलच्या तिसऱ्या उपहासिकेचा विचार

१

जुव्हेनल या रोमन कवीच्या सोळा उपहासिकांपैकी तिसरी विशेष प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रचल्या गेलेल्या या ३२२ ओळींच्या काव्यात कथानक असे थोडेच आहे. कवीचा जुना मित्र उंब्रिशियस रोम कायमचे सोडून नेपल्सच्या पश्चिमेस समुद्रकाठी असलेल्या क्यूमी या ओस पडलेल्या गावी राहावयास निघाला आहे. त्याचा सारा संसार एकाच गाडीत मावला आहे. गाडी भरली जात असता दोघे मित्र कापेना वेशीपाशी थांबतात, जवळच्या दरीत उतरतात, आणि तेथे उंब्रिशियस आपण शहर का सोडतो हे सांगू लागतो. त्याचे भाषण काव्याच्या अखेरपर्यंत चालते. शेवटी सूर्य कलतो, गाडीवान चाबकाने खुणावू लागतो, आणि उंब्रिशियस निरोप घेतो.

या काव्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. पहिल्या दृष्टीने उंब्रिशियसचे बोलणे म्हणजे कवीचेच बोलणे होय. गिल्बर्ट हायेट यांचा १९५४ चा ग्रंथ जुव्हेनलच्या काव्यातून त्याच्या जीवनाचा माग काढतो, आणि या दृष्टीचे ते सर्वांत समर्थ उदाहरण आहे. दुसरी दृष्टी विल्यम अँडरसन प्रभृतींनी पुढे मांडली. तिच्या मते उपहासिकेत बोलणारा हा कवीने उभा केलेला एक मुखवटा असतो आणि त्याचा संताप हाही उपहासाचाच विषय असतो. पहिली दृष्टी पत्करली, तर उंब्रिशियसचा परकीयांविषयीचा द्वेषही कवीचे मत म्हणून स्वीकारावा लागतो. दुसरी टोकापर्यंत नेली, तर कोसळणारी घरे आणि न परवडणारे भाडे हाही केवळ एका चिडलेल्या माणसाचा कांगावा ठरतो. दोन्हीकडे काव्याचा अर्धा भाग हातचा जातो. उंब्रिशियसचे गाऱ्हाणे खरे आहे, त्याचे निदान मात्र खोटे आहे, आणि ही दोन्ही वेगळी करण्याची साधने काव्याने स्वतःच पुरविली आहेत, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम गाऱ्हाणे पाहू. काव्याच्या आरंभीच, उंब्रिशियस तोंड उघडण्यापूर्वी, कवी ज्या दरीचे वर्णन करतो ती साधी जागा नव्हे. न्यूमा राजा एगेरिया या देवतेला जेथे भेटत असे ते हे पवित्र राईचे स्थान. आता ती राई भाड्याने दिलेली आहे, आणि तेथील प्रत्येक झाडाला जणू आपले भाडे सरकारजमा करावे लागते. झऱ्याच्या काठचे हिरवे गवत जाऊन तेथे संगमरवर आला आहे. भाषणातील मुख्य विषयाची सूचना येथेच मिळते: या नगरात जे जे आहे त्याची किंमत ठरलेली आहे.

उंब्रिशियसच्या भाषणाचा उत्तरार्ध या एकाच सूत्राचा विस्तार आहे. रोममध्ये एका अंधाऱ्या खोलीला वर्षाकाठी जे भाडे द्यावे लागते, तेवढ्यात सोरा, फाब्रातेरिया किंवा फ्रुसिनो येथे उत्तम घर विकत मिळते, असा हिशेब तो मांडतो. त्या घराला लहानशी बाग असते, आणि विहीर इतकी उथळ की पोहऱ्याला दोर लागत नाही. रोममधील घर मात्र बारीक टेकूंवर उभे असते. मालकाचा कारभारी जुनी भेग लिंपून टाकतो आणि भाडेकरूंना निर्धास्त झोपावयास सांगतो. हे वर्णन अतिशयोक्त असले तरी निराधार नाही. ऑगस्टसने इमारतींच्या उंचीला ७० रोमन फुटांची मर्यादा घातली होती आणि पुढे ट्रेजनने ती ६० वर आणली. असा निर्बंध पुन्हा कडक करावा लागतो, तो मूळ धोका टळलेला नसतो म्हणूनच.

झोपेचेही असेच आहे. ज्युलियस सीझरच्या काळातील नियमाने चाकांच्या बहुतेक वाहनांना दिवसा रोममध्ये बंदी होती. त्यामुळे मालाच्या गाड्या रात्री अरुंद गल्ल्यांतून खडखडत जात. त्या गोंगाटात झोप मिळविण्यास मोठी संपत्ती लागते, हे उंब्रिशियसचे विधान या साऱ्या भाषणाचे मर्म आहे. धनिक आपल्या पालखीच्या खिडक्या लावून गर्दीच्या डोक्यावरून जातो आणि आतल्या आत वाचतो, लिहितो किंवा झोपतो. खाली पायी चालणाऱ्याला कुणाचे कोपर लागते, कुणाच्या हातची तुळई लागते. शांतता ही निसर्गाची देणगी राहिलेली नसून नगरातील इतर वस्तूंसारखी ती विकत घ्यावी लागते. साक्षीदाराची पारख करतानाही त्याच्या मालमत्तेची चौकशी आधी होते आणि शीलाची सर्वांत शेवटी. गरिबीचे सर्वांत मोठे दुःख म्हणजे ती माणसाला हास्यास्पद करते, असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात मुखवट्याचा लवलेशही जाणवत नाही.

३

मग हे सारे घडते कशामुळे? उंब्रिशियसचे उत्तर तयार आहे: ग्रीकांमुळे. ओळ ५८ ते १२५ हा भाषणाचा सर्वांत तिखट भाग. रोम ग्रीक झाले हे आपल्याला सोसवत नाही. सीरियातील ओरोंतीस नदी केव्हाच येऊन टायबरला मिळाली आहे. हे लोक व्याकरणकार, चित्रकार, वैद्य, दोरीवर नाचणारे, मांत्रिक, जे म्हणाल ते होतात. आपण लहानपणापासून ॲव्हेन्टाइन टेकडीची हवा प्यालो, त्याला काही मोलच नाही काय, असा त्याचा सवाल आहे.

परंतु याच भागात एक कबुली त्याच्या तोंडून निसटते. आपण खोटे बोलू शकत नाही, वाईट ग्रंथाची स्तुती करू शकत नाही, म्हणून रोममध्ये आपल्याला काम नाही, असे तो ओळ ४१ च्या सुमारास म्हणाला होता. पुढे पन्नास ओळींनी तो सांगतो की अशी स्तुती आपल्यालाही करता येते, पण विश्वास बसतो तो ग्रीकांवर. या दोन विधानांचा मेळ बसत नाही. पहिल्यात खुशामत हा दुर्गुण आहे. दुसऱ्यात ती एक स्पर्धा आहे आणि उंब्रिशियस तीत हरलेला आहे. त्याचा राग आश्रितपणाच्या व्यवस्थेवर नाही. त्या व्यवस्थेत आपली जागा दुसऱ्याने घेतली, यावर आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट काव्याच्या रचनेत आहे. भाडे, पडझड, आग आणि झोपमोड यांचे वर्णन सुरू झाले की दुष्ट ग्रीक काव्यातून नाहीसा होतो. भेग लिंपणारा कारभारी ग्रीक असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. घरे मालकांची आहेत आणि धोका भाडेकरूंचा आहे, एवढेच त्या दृश्यात दिसते. उंब्रिशियस कारण एकीकडे सांगतो आणि परिणाम दुसरीकडे. त्या दोहोंना जोडणारा दुवा तो देत नाही, कारण तो नाहीच.

उत्तरार्धात ग्रीक येतात ते निराळ्याच रूपात. आगीत सर्वस्व गमावलेल्या कॉर्डस या गरीब माणसाचे चित्र उंब्रिशियस फार करुणेने रंगवितो. तोकडा पलंग, सहा लहान सुरया, एक पेला, आणि एक जुनी पेटी. त्या पेटीत ग्रीक पुस्तके होती, आणि त्यांतील दिव्य कविता अडाणी उंदीर कुरतडीत असत. ग्रीक रोम सोसवत नाही म्हणून शहर सोडणारा हा मनुष्य एका रोमन गरिबाच्या ग्रीक पुस्तकांसाठी हळहळतो. आपल्या बोलण्यातील ही विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही. कवीच्या ती ध्यानात नसेल असे मानणे कठीण आहे. बागेचे स्तवन करतानाही ती शंभर पायथागोरसपंथीयांना जेवू घालील असे तो म्हणतो, आणि पायथागोरस तर सामोस बेटाचा ग्रीक! डीडलसचेही तसेच. जेथे थकलेल्या डीडलसने आपले पंख उतरविले तेथे आपण विसावा घेणार, असे तो आरंभी गौरवाने सांगतो. पुढे ग्रीकांची टर उडविताना, पंख लावून उडणारा अथेन्सच्या मध्यभागीच जन्मलेला होता, असे तोच म्हणतो.

मुक्कामाचे स्थान ही या विसंगतींची परिसीमा होय. क्यूमी ही इटलीच्या मुख्य भूमीवरील ग्रीकांच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. युबीया बेटावरील लोकांनी ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात वसविली. ग्रीकांपासून पळणारा गृहस्थ ग्रीकांच्याच जुन्या घरी निघाला आहे. आणखी असे की, ज्या स्वस्त गावांची नावे तो घेतो त्यांपैकी एकाही गावी तो जात नाही. सोरा आणि फ्रुसिनो आतल्या भागात आहेत. क्यूमी मात्र बाये या श्रीमंतांच्या विलासस्थानाचे प्रवेशद्वार आहे, असे कवी आरंभीच नमूद करतो. शिवाय इसवी सन ९५ मध्ये डोमिशियनने बांधलेला नवा रस्ता क्यूमीजवळूनच गेला होता. उंब्रिशियसला एकांत हवा आहे, पण फार दूरचा नको.

४

भारतीय वाचकाला या प्रसंगी वानप्रस्थाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि साम्य वरवरचे नाही. केस पिकू लागले, कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या आणि नातवंडाचे मुख पाहिले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. उंब्रिशियसही आपल्या नुकत्याच पिकू लागलेल्या केसांचा दाखला देतो. पाठीला बाक नाही, हाती काठी नाही, आयुष्याचे सूत अजून शिल्लक आहे, तोवर निघावे म्हणतो. पण वानप्रस्थी निघतो तो देणे फिटले म्हणून, आणि उंब्रिशियस निघतो तो येणे बुडाले म्हणून. पहिल्याची निवृत्ती कर्तव्याच्या पूर्तीतून येते. दुसऱ्याची तोट्याच्या हिशेबातून. म्हणूनच पहिल्याला मागे वळून तीनशे ओळींचे भाषण करावे लागत नाही.

क्यूमीला पोचल्यावर उंब्रिशियसचे काय झाले हे जुव्हेनल सांगत नाही. परंतु त्याच काळातील एका खऱ्या नगरत्यागाची साक्ष उपलब्ध आहे. कवी मार्शियल सुमारे ३४ वर्षे रोममध्ये काढून इसवी सन ९८ च्या सुमारास स्पेनमधील बिल्बिलिस या आपल्या जन्मगावी परतला. वाटखर्चाला धाकट्या प्लिनीने मदत केली होती. बाराव्या पुस्तकात जुव्हेनल नावाच्या मित्राला उद्देशून एक कविता आहे. हा मित्र म्हणजेच उपहासिकाकार, असे सामान्यतः मानले जाते. तू गजबजलेल्या सुबुरा भागात श्रीमंतांचे उंबरे झिजवीत असशील, आणि येथे मी तीस वर्षांची राहिलेली झोप भरून काढतो आहे, असा तिचा आशय आहे.

पण त्याच पुस्तकाच्या गद्य प्रस्तावनेत सूर पालटतो. तीन वर्षांत आपल्या हातून काही लिहून झाले नाही, हे तो मान्य करतो. शहरातील श्रोत्यांचे जाणते कान, ग्रंथालये, नाट्यगृहे आणि संभाषणे यांची त्याला उणीव भासते. लहान गावातील मत्सराचाही तो उल्लेख करतो; तेथे एकदोन वाईट माणसेही पुष्कळ होतात. आणि ज्या शेतवाडीत तो सुखाने झोपतो तीही मार्सेला नावाच्या एका स्त्रीने दिलेली देणगी आहे. आश्रयदात्यांच्या दारातून सुटलेला कवी अखेर एका आश्रयदात्रीच्याच अंगणात विसावला. तरीही त्याची झोप खोटी नव्हती, हेही विसरता कामा नये. प्रस्तावना आणि कविता ही एकाच माणसाची दोन खरी विधाने आहेत.

५

या काव्याचे सर्वांत प्रसिद्ध रूपांतर सॅम्युएल जॉन्सनचे. मे १७३८ मध्ये त्याचे ‘लंडन’ हे काव्य निनावी प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला लंडनमध्ये येऊन जेमतेम वर्ष लोटले होते. त्याच्या काव्यातील थेलीझ ग्रिनिचहून वेल्सला निघतो, आणि ग्रीकांच्या जागी फ्रेंच येतात. शत्रूचे नाव इतक्या सहज बदलता यावे, हाच त्या निदानाच्या पोकळपणाचा पुरावा आहे. उलट दारिद्र्याने गुणांची वाट अडते या आशयाची ओळ जॉन्सनला बदलावी लागली नाही. ती त्याने ठळक मोठ्या अक्षरांत छापली. आणि तो स्वतः १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनमध्येच राहिला.

जुव्हेनलही मागेच राहतो. काव्याच्या आरंभी तो मित्राच्या बेताची प्रशंसा करतो. पण नगरातील भयांची यादी देताना आगी आणि पडझड यांच्या शेवटी ऑगस्टच्या उन्हाळ्यात कविता वाचून दाखविणारे कवी, असे एक भय जोडतो. जाणाऱ्याला असा विनोद सुचत नाही. तो राहणाऱ्याचा आहे. काव्याच्या अखेरीस उंब्रिशियस म्हणतो की विसाव्यासाठी तू तुझ्या अक्वायनमला येशील तेव्हा मला बोलाव, तुझ्या उपहासिका ऐकावयास मी येईन. अक्वायनमला कवी येईल तो थकवा घालविण्यापुरता. परत रोमलाच जाईल. ज्याला जाणे शक्य आहे तो आपली गाडी भरून जातो. ज्याची गाडी भरण्याइतकेही काही उरलेले नाही, तो कॉर्डस शहरातच राहतो, आणि त्याचे काय झाले हे पाहण्यास कुणीतरी शहरात राहावे लागते. उंब्रिशियसचे गाऱ्हाणे त्याच्या द्वेषापासून वेगळे करून ऐकणे हे या काव्याच्या वाचकाचे काम आहे. ते केले नाही, तर भाड्याच्या खोलीची कैफियत परकीयाविरुद्धच्या फिर्यादीत हरवून जाते, आणि भेग लिंपणारा कारभारी निर्दोष सुटतो.