एकाकी प्रोग्रॅमर : एका प्रतिमेची तपासणी

प्रोग्रॅमर म्हणजे माणूसघाणा, हा समज अनुभवातून आला तसा चाचण्यांतूनही आला. १९६६ साली विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडींचा आराखडा मांडला. त्यात माणसांविषयीची अनास्था हे ठळक लक्षण ठरले. पुढे अशा चाचण्यांच्या आधारे उमेदवार निवडले गेले. ज्यांना माणसांत रस नाही त्यांनाच घ्यायचे आणि मग हा पेशाच एकलकोंड्यांचा म्हणायचे, असे हे वर्तुळ. नेथन एन्समेंगर यांनी २०१० सालच्या आपल्या ग्रंथात ते उलगडून दाखवले आहे.

जोसेफ वायझेनबॉम यांच्या ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ने (१९७६) या प्रतिमेला वैचारिक वजन दिले. खाण्यापिण्याचे भान हरपून यंत्रापुढे बसलेला तरुण त्यांनी जुगाऱ्याच्या शेजारी उभा केला. प्रत्येक आज्ञा पाळणाऱ्या यंत्राची नशा त्यांनी अचूक ओळखली. मात्र ही मुले आपापसांत काय बोलतात, हे त्यांच्या चित्रणात फारसे येत नाही. शिवाय त्यांच्याच ग्रंथातला प्रसंग असा : ‘एलायझा’ या त्यांच्या संभाषण करणाऱ्या प्रोग्रॅमशी बोलताना त्यांच्या सेक्रेटरीने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ती प्रोग्रॅमर नव्हती. तेव्हा यंत्राकडे मन मोकळे करण्याची ओढ एकाच पेशाच्या माथी मारता येत नाही.

जेराल्ड वाइनबर्ग यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ (१९७१) मला अधिक मोलाचे वाटते. त्यात एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकिकत आहे. खाद्यपेयांच्या यंत्रांपाशी विद्यार्थ्यांचा गलका होई. तक्रार आली, यंत्रे हलवली, आणि सल्ला देणाऱ्यांच्या खोलीपुढे रांग लागली. ज्या अडचणी गप्पांत सुटत होत्या, त्यांना आता ठिकाण उरले नव्हते. वायझेनबॉम माणसाचा स्वभाव पाहतात, तर वाइनबर्ग त्याच्या बसण्याउठण्याची जागा पाहतात.

वाइनबर्ग यांचीही मर्यादा आहे. त्यांचा प्रोग्रॅमर सहकाऱ्यांसोबत एकाच छपराखाली, एकाच घड्याळावर काम करतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात ऋतूनुसार संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. म्हणजे हिंजवडीतल्या ज्या प्रोग्रॅमरची बैठक तिथल्या लोकांबरोबर असते, त्याची ती नेमकी घरच्या जेवणाच्या आणि मित्रांच्या कट्ट्याच्या वेळी पडते. तो दिवसभर बोलत असतो, पण ते बोलणे कामाचे असते. त्याच्या एकटेपणाचे कारण स्वभावात शोधण्याआधी त्याचे वेळापत्रक वाचायला हवे.