पालेस्त्रीना, मग ढोल

अल्बम सुरू होतो आणि पहिली दोन मिनिटं गिटार वाजतच नाही. ऐकू येतो तो सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पालेस्त्रीना. त्याच्या ‘ओ क्रुक्स आवे’ या क्रूसवंदनेचे आवाज चर्चच्या घुमटाखाली तरंगावेत तसे एकावर एक चढत जातात. मग एका क्षणात जाड, तुटक रिफ अंगावर येते. ‘क्रॉसिंग’ संपून ‘नथिंग टू से’ सुरू झालेलं असतं. हा सांधा मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि अजूनही तिथे श्वास अडकतो.

साओ पावलोच्या अंग्रा या बँडचा ‘होली लँड’ हा दुसरा स्टुडिओ अल्बम, 1996 सालचा. 1993 च्या ‘एंजल्स क्राय’मध्ये या पोरांनी आपण काय करू शकतो ते दाखवून दिलं होतं. युरोपियन पॉवर मेटलचा वेग, शास्त्रीय संगीताची नक्षी आणि आंद्रे मातोसचा आभाळाला भिडणारा आवाज, सगळं तिथे होतं. असा अल्बम गाजला की तोच पुन्हा काढण्याचा मोह होतो. अंग्राने तो टाळला, वेगाला लगाम घातला आणि विषय घेतला स्वतःच्या जमिनीचा: सोळाव्या शतकातला ब्राझील, पोर्तुगीज गलबतं किनाऱ्याला लागली तेव्हाचा.

इथे पालेस्त्रीनाची निवड किती नेमकी आहे ते कळतं. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल 22 एप्रिल 1500 रोजी त्या किनाऱ्याशी पोचला आणि पुढे त्या भूमीला नाव मिळालं ‘पवित्र क्रूसाची भूमी’. म्हणजे ज्या देशाचं बारसंच क्रूसाच्या नावाने झालं, त्याची गोष्ट क्रूसाच्या स्तोत्राने उघडते. बँडचं नाव मात्र तिथल्या मूळच्या तुपी लोकांच्या अग्निदेवतेचं. जिंकणाऱ्याचं स्तोत्र आणि जिंकलेल्यांची देवता, दोन्ही एकाच वेष्टनात.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. काब्रालचा तो तेरा गलबतांचा तांडा निघाला होता हिंदुस्थानाकडे. ब्राझीलनंतर तो कालिकतला आला. पुढे याच दर्यावाटेने पोर्तुगिजांनी काजूचं झाड गोव्यात आणलं. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे आपले शब्द मूळचे तिकडचेच, तुपी-ग्वारानी बोलींमधून पोर्तुगीजमार्गे आलेले.

अल्बमचं काळीज आहे ‘कारोलिना फोर’. साडेदहा मिनिटांचं गाणं, एका जहाजाच्या नावाचं. आरंभी तालवाद्यं वाजतात. लांब कुठेतरी वस्तीवर ढोल चालू आहेत आणि वाऱ्याबरोबर त्यांचा आवाज कमीजास्त होतोय, असं वाटतं. इथे कान नीट लावा. गिटारी येतात, डबल बेस ड्रम धावू लागतो, तरी तो मूळचा ठेका गेलेला नसतो. ड्रमर रिकार्डो कॉन्फेसोरीच्या हातांत तो मुरलेला आहे. मेटलवर लोकसंगीताची फोडणी घालणारे बँड पुष्कळ आहेत, चार मापं ढोल वाजवतात आणि मूळ पदावर येतात. इथे लोकलय पिठातच मळलेली आहे. मध्यावर वादळ ओसरल्यासारखं सगळं थांबतं, वाद्यवृंद पसरतो, आणि मग किको लौरेरो व राफाएल बितेनकोर्त यांच्या गिटारी परत जहाज हाकारतात.

शीर्षकगीतात पियानो हेच तालवाद्य झालं आहे. मातोस संगीतरचना आणि संचालन शिकलेला होता; पट्ट्यांवर बोटं नाचवणं त्याला अवघड नव्हतं. पण इथला पियानो अडखळल्यासारखा, ऑफबीटवर पाऊल टाकत चालतो आणि त्यातूनच गाणं झुलायला लागतं. माझ्या मते मातोसचं सगळ्यात सुंदर काम हेच. ‘सायलेन्स अँड डिस्टन्स’ पियानोवर हलकेच उघडतं, तिथे त्याचा आवाज वर जाताना पातळ होत नाही, उजळत जातो.

सगळंच याच तोलाचं नाही. ‘झिटो’ सुसाट आहे, पण ती जुन्या सवयीची धाव आहे. या नकाशावर तिला जागा सापडत नाही. आणि एक खंत राहतेच: बोलतो तो बहुतेक दर्यावर्दी, तोही इंग्रजीत. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस शब्दांत फारसा येत नाही, तालात येतो. ‘द शामन’मध्ये तो जवळ येऊन जातो. मातोस, बेसवादक मारिउती आणि कॉन्फेसोरी यांनी 2000 मध्ये अंग्रा सोडून नवा बँड काढला तेव्हा त्याचं नाव शामनच ठेवलं.

चार्ली बाउअरफाइंड आणि साशा पेट या जर्मन निर्मात्यांनी हा सगळा पसारा स्वच्छ मांडला आहे. ‘डीप ब्लू’मध्ये ऑर्गन आणि समूहगान उसळतं तेव्हाही प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो.

मातोस 8 जून 2019 रोजी गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्या रात्री मी सीडीची पुस्तिका उघडली. ती उलगडत गेली की जुन्या जगाचा नकाशा होतो. जमिनीवर पसरून बसलो आणि शेवटचं ‘ललबाय फॉर ल्युसिफर’ लावलं. ना ढोल, ना वाद्यवृंद. एक गिटार, त्याचा आवाज आणि मागे लाटा.