डेडस्टॉकच्या वहीतला संगणक

मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या जुन्या अनुदानित शाळेच्या कार्यालयात जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही असते. सरकारी मराठीत तिचे नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. बोलताना सगळे तिला 'डेडस्टॉक' म्हणतात. बाक, कपाट, पंखा, घंटा यांच्या रांगेत संगणक तिच्यात येऊन बसला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. वहीचे रकाने ठरलेले असतात: खरेदीची तारीख, पुरवठादार, बिलाचा क्रमांक, नग, किंमत आणि शेवटी निर्लेखन, म्हणजे वस्तू हिशेबातून काढून टाकल्याची नोंद. खरेदी आणि निर्लेखन यांच्या मधल्या आयुष्याला रकाना नसतो. बॅटरी बदलता आली का, सुटा भाग मिळाला का, शेवटी यंत्र कोणाच्या हातोडीखाली गेले, हे वहीला विचारून कळत नाही.

दुसरीकडे, कंपन्यांच्या अहवालांतून 'जबाबदार खरेदी' हा शब्द आता रुळला आहे. संगणकीय साधने पर्यावरणाच्या आणि कामगारांच्या दृष्टीने निकषांत बसतात, असे सांगणारी प्रमाणपत्रे त्यासाठी पुढे केली जातात. ही प्रमाणपत्रे आणि ही वही शेजारी ठेवून वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. प्रमाणपत्राला बळ येते ते मागणाऱ्यामुळे. आपल्याकडे मोहर आली, पण तिची मागणी करणारा ग्राहक उभा राहिला नाही.

याचा पुरावा दोन सालांत सापडतो. फेब्रुवारी 1991 मध्ये भारत सरकारने 'इकोमार्क' योजना जाहीर केली. चिन्ह म्हणून मातीचा माठ निवडला. साबण, कागद, रंग यांच्याबरोबर विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा वर्गही यादीत होता. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, स्वीडनमध्ये संगणकाच्या पडद्यांसाठी टीसीओचे चिन्ह निघाले. माठ लावून घेणारे उत्पादक फारच थोडे निघाले. शेवटी 2024 मध्ये सरकारला इकोमार्कचे नवे नियम आणावे लागले. टीसीओचे चिन्ह मात्र पडद्यावरून लॅपटॉप, टॅब्लेट, प्रोजेक्टर यांच्यापर्यंत पोहोचले. 2009 पासून त्यात कारखान्यातल्या कामगारांच्या परिस्थितीचेही निकष आले.

हा फरक माठाच्या चित्राने पडलेला नाही. टीसीओ ही स्वीडनमधल्या पांढरपेशा नोकरदारांच्या संघटनांची मध्यवर्ती संघटना. तिचे सभासद दहा लाखांच्या वर. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांचे डोळे, त्यांची मान, पडद्याभोवतीचे विद्युतचुंबकीय क्षेत्र हे प्रश्न तिने हाती घेतले आणि यंत्र कसे असावे याचे निकष मांडले. त्यामुळे चिन्हाच्या मागे पहिल्या दिवसापासून माणसे होती. इकोमार्कच्या मागे राजपत्र होते. ते ऐच्छिक होते आणि असाच माल घेण्याचे बंधन कोणावर नव्हते.

त्याच काळात मुंबईतही पांढरपेशा संघटना संगणकाबद्दल बोलत होत्या. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणावर 1983 आणि 1987 मध्ये करार झाले. त्या वाटाघाटींचा मुख्य भर होता तो यंत्रे किती आणि कुठे बसवायची, ती चालवणाऱ्याला भत्ता किती आणि नोकऱ्यांना धक्का लागणार नाही याची हमी कोणती, यावर. या भूमिकेला आज हसणे सोपे आहे. पण जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात हजारो संसार उघड्यावर पडलेले ज्या शहराने पाहिले, त्या शहरात नोकरीची भीती खोटी नव्हती. तरीही त्या भीतीची एक किंमत मोजावी लागली. संगणक येऊ द्यायचा की नाही यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. तो यायचाच असेल तर कसा असावा, हा प्रश्न मागे राहिला आणि पुढे तो पुरवठादाराच्या हाती गेला.

मागणाऱ्याचे बळ काय करू शकते, हे अमेरिकेत दिसले. तिथे 2006 मध्ये 'ईपीट' ही नोंदणी सुरू झाली: कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या. जानेवारी 2007 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने संघराज्याच्या खात्यांना सांगितले, की ज्या प्रकारच्या साधनांना ही नोंदणी लागू आहे, त्यांतली 95 टक्के खरेदी नोंदणीकृत मालाचीच हवी. 2012 च्या उन्हाळ्यात ॲपलने आपली उत्पादने या नोंदणीतून काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनाने लगेच सांगितले, की मग आम्ही तुमचे संगणक घेणार नाही. काही दिवसांतच कंपनीने चूक झाल्याचे मान्य केले आणि ती परत आली.

पण या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ॲपलच्या त्या वर्षीच्या नव्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. तो सुटा करणे अवघड असल्याची टीका झाली. निकषात शब्द होते ते 'सहज मिळणाऱ्या अवजारांनी' सुटे करण्याचे. पडताळणीनंतर असे पातळ लॅपटॉप निकषात बसतात, असा निर्णय झाला. निकष ही भाषा आहे आणि भाषा वाकवता येते. 'सुटे करता येणे' आणि 'दुरुस्त करून पुन्हा वापरता येणे' यांतले अंतर ज्याने निकष नीट वाचले त्यालाच दिसते. सोनेरी चिन्ह पाहून थांबणाऱ्याला ते दिसणार नाही.

प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे काळ. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो आपल्या टेबलावर येण्याआधीच, कारखान्यात झालेला असतो. म्हणून यंत्र जितके जास्त वर्षे चालेल, तितका त्याचा दरवर्षीचा भार कमी. आपल्या हिशेबाचा कल मात्र उलटा आहे. कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. तो घसाऱ्यासाठीचा आकडा आहे, पण कार्यालयांत तोच बदलण्याचा मुहूर्त होऊन बसतो. त्यात सॉफ्टवेअरची भर. 14 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 चा नियमित आधार संपला. पैसे मोजून काही काळ मुदतवाढ मिळते, हे खरे. पण 2017 पूर्वीच्या बहुतेक यंत्रांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. पडदा ठीक, कळफलक ठीक, आणि तरी यंत्र निर्लेखनाच्या यादीत. यंत्राच्या जन्मावेळी मिळालेले प्रमाणपत्र या मरणाबद्दल काही बोलत नाही.

आपला कायदा मरणानंतरचे पाहतो. ई-कचऱ्याचे पहिले नियम 2011 चे; सध्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उत्पादकाला 2025-26 साठी 70 टक्के पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट आहे. ते त्याने नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पुरे करायचे. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या हिशेबावर बेतलेली आहेत. म्हणजे चालू यंत्र तोडून काढलेले तांबे मोजले जाते. दुरुस्तीलाही नियमांत जागा आहे, पण सारा भर धातूवर आहे. शिवाय या नियमांत 'घाऊक ग्राहक' ठरण्यासाठी वर्षभरात कधी तरी किमान 1000 साधने वापरात असावी लागतात. मुलुंडची शाळा, बोरिवलीची पतपेढी, घाटकोपरची गृहनिर्माण संस्था या व्याख्येत येत नाहीत.

मग त्यांची यंत्रे कुठे जातात? घाटकोपरहून अंधेरीकडे मेट्रोने जाताना साकीनाका लागतो. पुढे मरोळच्या मागे 1973 मध्ये उभे राहिलेले सीप्झ. तिथल्या कंपन्यांनी मुंबईला संगणकाची नोकरी ओळखीची करून दिली. साकीनाका आणि कुर्ल्याच्या गल्ल्यांत तीच साधने सुटी होतात: पट्ट्या, तारा, मदरबोर्ड, वेगवेगळ्या गोण्यांत. प्रमाणित यंत्र आणि बिनप्रमाणित यंत्र या गल्लीत एकाच वजनकाट्यावर येतात. इथल्या कारागिराला कोणता स्क्रू काढला की यंत्र पुन्हा चालेल हे बरोबर कळते. निकष लिहिणाऱ्यांनी खरे तर त्याला विचारायला हवे. आज तो कोणत्याही प्रमाणपत्राच्या मजकुरात नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे सारे परवडणाऱ्यांचे चोचले आहेत. आपल्याकडे सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते. हिशेब करून पाहू. समजा, 40,000 रुपयांचे यंत्र चार वर्षे चालले, तर वर्षाला 10,000 पडले. 48,000 चे यंत्र बॅटरी बदलून आठ वर्षे चालले आणि दुरुस्तीला आणखी 8,000 गेले, तर वर्षाला 7,000 पडले. तुलनात्मक तक्त्यात मात्र पहिलेच जिंकते, कारण त्या तक्त्यात वर्षांचा रकाना नाही. तेव्हा प्रश्न गरिबीपेक्षा रकान्याचा जास्त आहे.

एकट्या शाळेने रकाना वाढवून पुरवठादार बदलणार नाही, हेही खरे. पण एकत्र मागण्याची सवय या उपनगरांना नवी नाही. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची एकत्र मागणी द्यायची आणि वजन, दर्जा, दर तपासून माल घ्यायचा, ही तिची पद्धत. डाळ-तांदळाच्या बाबतीत उपनगरातल्या गृहिणींनी जे केले, ते संगणकाच्या बाबतीत दहा शाळा किंवा पंधरा पतपेढ्या करू शकतात. मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हा एकाच योजनेत वीस हजारांहून अधिक यंत्रे घेतली गेली. एवढ्या मोठ्या ग्राहकाने निविदेत घातलेली एक अट पुरवठादाराला ऐकावीच लागते.

अटीही फार नकोत. टीसीओ किंवा ईपीटची चालू नोंदणी दाखवा. सात वर्षे सुटे भाग आणि सुरक्षा-अद्यतने द्याल, असे लेखी द्या. बॅटरी साध्या पेचकसाने बदलून दाखवा. यंत्र परत नेताना ते दुरुस्तीला गेले की तोडायला, ते कळवा. यांतल्या पहिल्या अटीचे उत्तर प्रमाणपत्रात मिळेल. बाकीच्या तीन ग्राहकानेच विचारायच्या आहेत. आणि डेडस्टॉकच्या वहीत, किंमत आणि निर्लेखन यांच्या मध्ये, एक रकाना आखायचा: 'दुरुस्ती'. त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहायला नको. पट्टी आणि पेन कार्यालयात असतेच.