पाच पृष्ठांचा परिसंवाद

अवगमसिद्धांताच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाची योग्यता आपल्याकडे बहुधा त्याच्या इतिवृत्तावरून ठरवली जाते. बारामती वा इंदापूर येथील पदव्युत्तर अभ्यासकास परिसंवादाचे दर्शन घडते ते याच लिखित रूपात; म्हणून त्या रूपाची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

२००४ च्या शिकागो येथील अधिवेशनापर्यंत इतिवृत्तात प्रत्येक निबंधास एकच पृष्ठ मिळे. ते पृष्ठ म्हणजे केवळ निमंत्रण होते. सिद्धता व्याख्यात्याच्या तोंडून ऐकावी, शंका तेथेच विचारावी, असा त्याचा आशय. २००५ साली ॲडलेड येथे पाच पृष्ठांचे निबंध आले आणि इतिवृत्त नियतकालिकांच्या पंक्तीस बसू लागले. आमच्या मते ही बढती फसवी आहे. एका पृष्ठाच्या वाचकास आपणांस काय कळले नाही हे ठाऊक असे. पाच पृष्ठांच्या वाचकास सारे कळल्याचा भास होतो.

एर्दाल आरिकान यांचा निबंध घ्या. गोंगाट असलेल्या वाहिनीची जी क्षमता शॅनन यांनी १९४८ साली निश्चित केली, तिच्यापर्यंत पोचणारे ध्रुवीय संकेत त्यांनी २००८ साली टोरोंटो येथे मांडले. एकाच वाहिनीच्या अनेक प्रती अशा गुंफावयाच्या, की काही जवळजवळ निर्दोष व्हाव्यात आणि उरलेल्या जवळजवळ निरुपयोगी. संदेश पाठवावयाचा तो निर्दोष वाहिन्यांतूनच. नीरा डाव्या कालव्याच्या भाषेत, सर्व चाऱ्यांना थोडथोडे पाणी देण्याऐवजी काही तुडुंब भराव्यात, काही कोरड्या ठेवाव्यात. पाण्याची बेरीज मात्र तीच. (कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरकरास ही उपमा रुचणार नाही, हे उघड आहे.) पाच पृष्ठांत ही कल्पना लख्ख दिसते. परंतु जुलै २००९ मध्ये हाच विषय नियतकालिकात पूर्णपणे मांडावयास आरिकान यांना २३ पृष्ठे लागली. टोरोंटोच्या श्रोत्यास मधली वाट विचारता आली. आपल्या विद्यार्थ्यास ती सोय नाही.

परिसंवाद भारतात अद्याप भरलेला नाही. त्याच विषयाची कार्यशाळा मात्र २००२ साली बंगलोरला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईस झाली. अशी संधी पुन्हा जवळ येईल तेव्हा विद्यार्थ्यांस पाठवावेच. तूर्त विभागाच्या चर्चासत्रात दरवेळी एकच निबंध घेऊन त्यातील गाळलेल्या पायऱ्या फळ्यावर भरून घ्याव्यात. प्रबंधात सिद्धतेसाठी इतिवृत्ताचा हवाला ग्राह्य धरू नये. पूर्ण निबंध प्रसिद्ध झालाच नसेल, तर ती सिद्धता विद्यार्थ्याने स्वतः लिहून परिशिष्टात जोडावी.