व्हॉइसमेल शिकवताना राहून जाते ते

व्हॉइसमेल म्हणजे ‘घरी कोणी नसताना निरोप घेणारे यंत्र’, असे सांगून आपण मोकळे होतो. हे वर्णन आम्हाला अपुरे वाटते. आवाज साठतो कसा, हे त्यातून कळत नाही. टेलिफोन यंत्रणा आवाजाची पातळी सेकंदाला 8,000 वेळा मोजते व प्रत्येक मोजमाप 8 बिटांत, म्हणजे एका बाइटमध्ये लिहिते. 30 सेकंदांच्या निरोपाला 2,40,000 बाइट लागतात. हा हिशेब मुलेही करतील.

दुसरी उणीव मोठी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचा तडाखा ढोकी ज्या जिल्ह्यात आहे, त्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यालाही बसला. अशा वेळी सगळेच फोन करू लागतात आणि मार्ग तुंबतात. कोबेच्या 1995 च्या भूकंपानंतर जपानने 1998 मध्ये 171 क्रमांकाची सेवा सुरू केली. घरच्या फोन क्रमांकाच्या नावे निरोप ठेवायचा, नातेवाइकांनी सवडीने ऐकायचा. बोलणारा व ऐकणारा एकाच वेळी हजर हवा, ही अटच इथे गळून पडते. खरे तत्त्व हेच. ढोकीच्या वर्गात धड्याची सुरुवात इथूनच व्हावी.